पितळेचं पान

छावणीच्या एका गावात तुळाजी नावाचा कातारी राहत होता. त्याचे आजोबा पलंगाचे खूर आणि पाळण्याची खेळणी कातत. पुढे छावणीतल्या साहेबांनी गावात क्लब काढला, त्यात हिरवं बनातीचं कापड ताणलेली बिलियर्डची टेबलं आली, आणि एक दिवस एक मोडकी काठी दुरुस्तीला म्हणून तुळाजीच्या वडिलांकडे आली. त्यांनी ती दुरुस्त केली, आणि शेजारी तशीच एक नवी करून ठेवली. तेव्हापासून त्या घरात बिलियर्डच्या काठ्या होऊ लागल्या. साहेब गेले. टेबलं राहिली, खेळणारे राहिले, काठ्याही होत राहिल्या.

त्या दुकानाची एक रीत होती. काठी तयार झाली की ती आधी क्लबच्या मार्करकडे जाई. मार्कर म्हणजे खेळाचे गुण मांडणारा माणूस. हुसेनभाई मार्कर संध्याकाळी नव्या काठीनं एक डाव खेळत, टोकाला निळा खडू लागलेली ती काठी घेऊन दुकानात येत आणि दारातूनच नावं ठेवायला लागत.

“डोकं जड झालंय हिचं,” ते म्हणत. किंवा, “तुळाजी, ही क्लबात नको. परसात बांध. कपडे बरे वाळतील.”

तुळाजी रागवे, पुटपुटे आणि पुन्हा रंधा हातात घेई. लाकूड नीट मुरलेलं नसेल, तर हुसेनभाई ते परत आढ्याला टांगायला लावत. ज्या दिवशी ते काही न बोलता काठी ठेवून चहा मागत, त्या दिवशी तुळाजी तिच्या शिसवी बुडात पितळेचं छोटं आंब्याचं पान बसवी. ते पान पाहिलं की लांबलांबच्या गावांतले खेळाडू डोळे मिटून काठी घेत.

एकदा अप्पासाहेब सरंजामे दुकानात आले. त्यांना जुन्या-देखण्या वस्तूंचा षोक होता. शिसवाच्या ज्वाळेसारख्या चार पट्ट्या पांढऱ्या लाकडात चढत गेलेली एक नवी काठी त्यांनी उचलली आणि ते तिच्याकडे पाहतच राहिले.

“ही मला द्या,” ते म्हणाले. “पण अशीच. खडूचा डाग नको. कुणी खेळलेली नको. कोरी असली तरच संग्रहात मान.”

हुसेनभाई दारात उभे होते. तुळाजी पितळेचं पान हातात घेत, त्यांच्याकडे न बघता म्हणाला, “हुसेनभाई, ही एक राहू द्या. अप्पासाहेब काही खेळणार नाहीत.”

“खुशाल दे,” हुसेनभाई म्हणाले. “मग पान कशाला ठोकतोस? त्यात अर्धा वाटा माझा आहे.”

तुळाजीनं पान ठोकलं.

अप्पासाहेबांचं पाहून आणखी षोकीन आले. त्यांच्या घरी काचेची कपाटं आली. काठ्यांवर शिंपल्याची नक्षी आली, चांदीच्या कड्या आल्या. मागणी एवढी वाढली की आढ्याला लाकूड टांगून वाट बघायला वेळ उरला नाही, आणि वाट बघ म्हणणाराही कुणी उरला नाही. हुसेनभाई यायचे थांबले. तुळाजीची वाहवा करणारे पुष्कळ झाले. त्यांतल्या एकालाही खडू काठीच्या कुठल्या टोकाला लावतात ते ठाऊक नव्हतं, पण सगळे जाणकार म्हणवत.

एका वर्षी अप्पासाहेबांनी आपल्या दिवाणखान्यात तुळाजीचा सत्कार ठेवला. मधोमध बिलियर्डचं टेबल होतं, तेही शोभेचंच. पाहुणे जेवायला आत गेले. तुळाजी एकटाच उरला. बनातीवर हात फिरवताना त्याला क्लबातल्या संध्याकाळी आठवल्या. चेंडूंची टकटक, खडूची भुकटी, दारातून येणारा हुसेनभाईंचा आवाज. त्यानं कपाट उघडलं, आपली सर्वांत सुंदर काठी काढली आणि खेळणारे पाहतात तशी टेबलावर लोळवून पाहिली.

सरळ काठी गुपचूप लोळते. हिचं टोक टपटप उड्या मारत गेलं.

त्यानं दुसरी लोळवली. तिसरी लोळवली. सगळ्या वाकड्या. कच्चं लाकूड कपाटात उभ्या उभ्या पिळवटलं होतं. शेवटी त्यानं ती पहिली काठी घेतली, हुसेनभाईंनी न खेळता गेलेली. तीही वाकडीच निघाली.

पाहुणे हात पुसत बाहेर यायला लागले होते. काठ्या परत कपाटात ठेवल्या असत्या, तर कधीच कुणाला कळलं नसतं. तुळाजीनं खिशातून चाकू काढला आणि एकेका बुडातलं पान उचकटायला लागला.

“अहो तुळाजी, हे काय करताय?” अप्पासाहेब धावत आले. “पान काढलंत तर हिला कोण विचारणार?”

“कुणी विचारू नये म्हणूनच काढतोय. वाकड्या आहेत या.”

“असू देत की. इथे कोण खेळतंय? कुणाला कळणार?”

“मला कळायला एवढी वर्षं लागली, अप्पासाहेब,” तुळाजी म्हणाला. “तेच वाईट झालं.”

सत्काराची शाल तिथेच खुर्चीवर राहिली. उपटलेली पानं खिशात आणि ती पहिली काठी हातात घेऊन तो थेट हुसेनभाईंच्या घरी गेला. हुसेनभाई आता थकले होते. ओट्यावर उन्हात बसले होते.

“हुसेनभाई, नावं ठेवा,” तुळाजी म्हणाला.

म्हाताऱ्यानं काठी डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटून टोकापर्यंत पाहिली आणि परत दिली.

“तार तुटलीय आमच्या परसातली,” ते म्हणाले. “ही बांधून जा.”

तुळाजी हसला. इतक्या वर्षांच्या वाहवेत तो असा हसला नव्हता. त्यानं काठी खरंच परसात बांधली, आणि घरी येऊन नवं लाकूड मुरायला आढ्याला टांगलं.

तात्पर्य: न वापरता वाहवा करणारे कारागिराला आंधळा करतात, वापरून नावं ठेवणाराच त्याचा हात सरळ ठेवतो.