वाऱ्याच्या बाजूला उभी राहिलेली घोडी

उंच पठारावरच्या एका रानात घोड्यांचा एक कळप राहत असे. त्यातल्या एका तरण्या घोड्याला आपल्या तुकतुकीत अंगाचा भारी अभिमान. पण मुलांनो, थंडी पडू लागली आणि इतरांसारखेच त्याच्याही अंगावर दाट, राठ केस वाढले. त्यात तो मातीत लोळलेला. झाडावरच्या कावळ्याने विचारले, "काय हो, तुम्हाला घोडा म्हणायचं की अस्वल?" झाले! ते बोलणे घोड्याच्या जिव्हारी लागले.

कळपातली म्हातारी घोडी म्हणाली, "त्याचं काय मनावर घेतोस? हे केस, ही माती, हेच आपलं पांघरूण. त्यात पाणी शिरू देऊ नकोस." पण ऐकेल तो तरणा घोडा कसला! दिवस कलताना तो ओढ्यात उतरला आणि मनसोक्त डुंबून चकचकीत होऊन आला. तेवढ्यात बोचरा वारा सुटला. ओले केस अंगाला चिकटले, पाय लटपटू लागले, दात वाजू लागले. कावळा केव्हाच दाट झाडीत जाऊन बसला होता. "सांगितलेलं ऐकायला नको!" म्हणत बाकीच्या घोड्यांनीही पाठ फिरवली. आता आपण काही वाचत नाही, असे त्याला वाटले.

म्हातारी घोडी मात्र लगबगीने आली. एका शब्दाने रागावली नाही. "थांबू नकोस, चाल," म्हणत तिने त्याला ढुशा देऊन देऊन फिरवले, कोरड्या मातीत लोळायला लावले. मग खडकाच्या आडोशाची स्वतःची जागा त्याला दिली आणि वाळलेले गवत पुढे सारले. "भूक नसली तरी चावत राहा. पोटात गवत असलं की अंगात ऊब राहते." आणि ती स्वतः, एवढी थकलेली, त्याला खेटून वाऱ्याच्या बाजूला उभी राहिली. केवढे मोठे मन!

सकाळी घोड्याला हुशारी वाटली. पाहतो तर घोडीच्या पाठीवर दव गोठून पांढरे झालेले. त्याने खालमानेने विचारले, "आजी, तुला थंडी नाही वाजली?"

"वाजली तर! पण तुझं कुडकुडणं थांबलं, मग मला तिचं काही वाटेना."

वारा अजून वाहतच होता. घोडा उठला आणि तिच्या पलीकडे, वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

तात्पर्य : चुकलेल्याला बोल लावणारे पुष्कळ असतात, त्याच्यासाठी जो स्वतः वारा झेलतो, तोच खरा मोठा.