भिवरेचे वळण

पाहुणेहो, आज तोंडाला थेंब लावला आहे काय?

रागावू नका. या घाटीच्या तोंडाशी जो येतो, त्याला हा प्रश्न विचारलाच जातो. नुसती मान हलवून चालत नाही, तोंडाने सांगावे लागते. तुम्ही सायकलींवरून आलात, वाटेत मोहाच्या भट्ट्यांची गावे पाहिलीत, तो गोडसर, आंबूस वास तुमच्या कपड्यांना अजून लागलेला आहे. प्यायला कोणी मनाई करीत नाही. पण ज्याने थेंब घेतला आहे त्याने आजचा दिवस वरच थांबावे. घाटी उद्याही येथेच असेल.

या वाटेवर मोटार दिसली नाही, बैलगाडीची चाकोरीही दिसली नाही, याचे तुम्हांला नवल वाटले असेल. सरकारी सडक डोंगराला वळसा घालून पलीकडून जाते. तिला जवळची वाट हीच होती. परंतु गावाने हात जोडले आणि नकार दिला. त्याचे कारण जुनी माणसे सांगत आली ते असे.

या माथ्यावर गोंदाजी नावाचा भट्टीवाला राहत असे. त्याच्या हातची मोहाची दारू खालच्या साऱ्या खोऱ्यात नावाजलेली होती. भट्टीला विस्तवाइतकीच पाण्याची गरज असते. मडक्यातून निघालेली वाफ गार पाण्याने निवली, तरच तिची धार होते. एका वैशाखात माथ्यावरचा झरा आटला आणि भट्टी विझली. तेव्हा गोंदाजीने डोंगरच्या आईपुढे डोके टेकून नवस केला, "आई, पाणी दे. माझ्या भट्टीचा थेंब प्यालेला माणूस या घाटीत माझ्या गाडीला हात लावणार नाही." झरा पुन्हा वाहू लागला म्हणे. तेव्हापासून तो आटलेला नाही.

नवसामागे शहाणपणही होते. घाटीचा उतार असा, की भरलेली गाडी बैलांना आवरत नाही. म्हणून एक माणूस चाकाशेजारून चाले. त्याच्या हातात धोंडा असे. बैलांनी दम खाल्ला की तो धोंडा चाकाआड सारायचा, बैल सावरले की काढायचा. गाडी, बैल आणि हाकणारा यांचे प्राण त्या हातांत असत.

गोंदाजीच्या गाडीला हा धोंडा लावी मालू. तो गोंदाजीचा भाचा आणि जावई; मुलगी भिवरा त्याला दिली होती. पोरका मालू याच घरात वाढला. भट्टीच्या धुरात वाढूनही त्याची जीभ दारूच्या चवीला अनोळखी राहिली होती.

घाटीची आणखी एक रीत होती. भट्टीची पहिली धार विकायची नाही; ती आईची. घरच्या लेकीने ती तांब्यात घेऊन गाडीपुढे चालावे आणि अवघड वळणावरच्या शिळेवर ओतावी. ओतताना मागे वळून पाहू नये. आईकडे पाठ करणे बरे नव्हे, असे मानीत. निघण्यापूर्वी लेकीनेच गाडीवाल्यांना विचारायचे, "थेंब घेतला आहे काय?" आणि त्यांनी नाही म्हणायचे. भिवरा लहानपणापासून हे करीत आली होती.

माघ महिना होता. खालच्या गावी पाटलांच्या घरी लग्न होते आणि गोंदाजीने त्यांना शब्द दिला होता. पिंपे गाडीवर चढली. त्या सकाळी मालूला हिवताप भरला. तो भट्टीच्या राखेपाशी बसून कापत होता.

"मामा, गाडी उद्या काढू," तो म्हणाला. "हात ठरत नाहीत."

"वऱ्हाड तुझ्या तापासाठी खोळंबेल काय?"

"दुसरा कोणी घ्या."

"कोणाला घेऊ? धोंडा उचलणारे पुष्कळ आहेत. वेळेवर ठेवणारा एक तू." गोंदाजीने वाटी भरली आणि त्याच्यापुढे धरली. "हे घे. अंगात ऊब येईल."

मालूने वाटीकडे पाहिले आणि तोंड फिरवले. "आईला शब्द दिलाय तुम्ही."

"पिणाऱ्याबद्दल दिलाय. औषध घेणाऱ्याबद्दल नाही. घे, आणि भिवरेला सांगू नकोस. ती उगाच घोळ घालील."

मालूच्या मनात आले की वाटी लोटून द्यावी. पण ज्याने पोरक्याला घास भरवला त्याचा हात कसा लोटावा? तो प्याला. कानशिले तापली, कापरे थांबले. आपले हात आता ठरले, असे त्याला वाटले. नशेचा पहिला अपराध हाच असतो. ती माणसाला तो बरा आहे असे सांगते.

घाटीच्या तोंडाशी भिवरा तांब्या घेऊन उभी होती. तिने रीतीप्रमाणे विचारले, "थेंब घेतला आहे काय?"

मालू खाली वाकून धोंडा उचलू लागला.

"आज जावईबापूंची वाचा बसली वाटतं," ती हसून म्हणाली. "आबा, तुम्ही यांची जीभ भट्टीवर ठेवून आलात की काय?"

मालूने तिच्याकडे पाहिले. त्या क्षणी त्याने सांगितले असते, तर ही कथा झाली नसती. पण गोंदाजीच पुढे झाला.

"नाही घेतला. चल, ऊन चढतंय."

बापाचा शब्द. तिने पदर खोचला आणि ती पुढे चालू लागली.

वळणावर बैलांनी दम खाल्ला. भिवरा शिळेपाशी वाकली होती, पाठ गाडीकडे होती. मालूने धोंडा सारला. रोज जेथे ठेवी तेथेच ठेवला, असे त्याला वाटले. तो वीतभर बाहेर पडला होता. चाक त्याच्या कडेवरून चढले, शेजारून हाकणाऱ्या गोंदाजीच्या हातून कासरा निसटला आणि गाडी सुटली.

"भिवरे, बाजूला हो," दोघेही ओरडले.

तिने ऐकले असेल. हाकेत भीती आहे हेही तिला कळले असेल. पण धार संपली नव्हती. ती मागे वळली नाही. नियम मोडणारे दोघे वर होते. पाळणारी एकटी खाली होती.

गाडी तिच्यावरून गेली, पिंपे फुटली आणि घाटीतून दारू वाहिली. मालूने भिवरेचे डोके मांडीवर घेतले. तिच्या हातातला तांब्या रिकामा होता. आईची धार तिने पुरी केली होती. गोंदाजी जवळ आला तेव्हा मालू एवढेच म्हणाला, "मामा, तिने विचारलं होतं."

गोंदाजीने भट्टी फोडली. गाडीची चाके काढून वळणावर पुरली आणि आईपुढे दुसरा नवस केला: या घाटीत भार ओढणारे चाक पुन्हा उतरणार नाही, आणि माझ्या जिभेला दारूचा थेंब लागणार नाही. मालूने दुसरे लग्न केले नाही. तो घाटीच्या तोंडाशी बसू लागला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बायकोचा प्रश्न विचारू लागला. त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडून द्यायचे राहून गेले होते.

आजही त्या जागी कोणीतरी बसलेले असते. सायकलीला वाट मोकळी आहे, कारण सायकलवाला आपला भार आपण वाहतो आणि आपले चाक आपल्या हाताने आवरतो. तरीही वळणावर तुम्ही उतरा. बाटलीतले थोडे पाणी शिळेवर ओता. ओतून होईपर्यंत मागे पाहू नका. तुमच्या मागून काही येणार नाही, याची काळजी हे गाव घेते.

वर दिसतो तो झरा गोंदाजीच्या नवसाचा. पोटभर प्या, पाणी गोड आहे. त्याला मात्र ते लाभले नाही. म्हातारपणी हिवतापाने तो झऱ्याकाठीच पडला. मालू ओंजळीने पाणी देई. पाणी जिभेला लागताच त्याची दारू होई, असे सांगतात. आणि नवसाला बांधलेला गोंदाजी ते थुंकून टाकी. इतरांना त्या ओंजळीत निव्वळ पाणीच दिसे. ओठ फुटले, जीभ सुजली. शेवटी मालूने त्याच्या कानाशी वाकून विचारले, "मामा, थेंब घेतला आहे काय?"

"मी घेतला नाही," गोंदाजी म्हणाला. "मी पाजला."

मालूने पुन्हा ओंजळ भरली आणि त्याच्या ओठांशी नेली. गोंदाजीने तोंड मिटून घेतले. शेजारी झरा भरून वाहत होता, आणि तो तहानेने मेला.