फुटलेले हात

"पण माझं चुकलं काय, ते तरी सांगाल?"

बोधगीरनं हे तिसऱ्यांदा विचारलं. आता त्याचा आवाज चढला होता.

भैरवगीर महाराज मठाच्या ओसरीवर बसून एक पंचा पिळत होते. पाणी तांबूस निघत होतं.

थोरल्या महाराजांची सकाळची अंघोळ उरकल्यावर त्यांनी फर्मावलं होतं, उद्यापासून ही अंघोळ धोंडू घालील. धोंडू म्हणजे मठाच्या गाई राखणारा अडाणी गडी. थोरले महाराज म्हणजे भैरवगीरांचे गुरू, नव्वदी ओलांडलेले. गेल्या वर्षी लकवा झाला, तेव्हापासून त्यांना हलता येत नव्हतं की बोलता येत नव्हतं. त्यांची सेवा हा मठातला सगळ्यात मोठा मान. वर्षभर तो बोधगीरकडे होता आणि आता एका गुराख्याकडे चालला होता. बोधगीरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मठात त्याच्याएवढं कडक वागणारं कुणी नव्हतं, हे खरं. भर पौषात पहाटे नदीत बुडी, अंगाला राख, पाय अनवाणी. थंडीनं हात असे फुटले होते की भेगेत नाचणीचा दाणा बसला असता. आणि त्या भेगा दिसतील अशा बेतानंच तो आल्यागेल्याला हात जोडी.

"त्या धोंडूला धड आरती येत नाही!"

"अंघोळ घालायला आरती लागते?"

बोधगीर आतून धुमसत होता.

"हात दाखव."

त्यानं दोन्ही हात पुढे केले. खरं सांगायचं तर अभिमानानं केले.

"तुला खोबरेल दिलं होतं. काय केलंस त्याचं?"

"समईत घातलं."

"का? समईला थंडी वाजत होती?"

"तेल देवाला, महाराज. देहाला कशाला? हे कातडं आज ना उद्या मातीतच जायचं. मी ते केव्हाच सोडलंय."

भैरवगीर ताडकन उठले. पंचा त्यांनी जमिनीवर आपटला.

"सोडलंस? चल गोठ्यात!"

गोठ्यात धोंडू कपिला गाईची धार काढायला बसत होता. वाटीतलं लोणी बोटांना चोळत होता.

"सर बाजूला. आज हा धार काढील."

"त्या हातांनी नको, म्हाराज. गाय..."

"काढू दे."

बोधगीर बसला. लहानपणी घरी म्हशी होत्या, त्यात काय मोठंसं, असं त्याला वाटलं. त्यानं आचळाला हात घातला, एकदा ओढलं...

लाथ खांद्यावर बसली. बोधगीर शेणात आडवा, चरवी दारापर्यंत घरंगळत गेलेली.

तो लालबुंद होऊन उठला. हट्टानं पुन्हा बसला. पुन्हा लाथ.

"मारकी आहे ही!"

"रोज कुणाला मारते रे?" महाराजांनी धोंडूला विचारलं.

"कुणालाच नाय, म्हाराज. पण लोणी लावल्याबिगर मी तिला हात लावीत नाय. मऊ कातडी तिची... खरखर कशी सोसंल?"

महाराजांनी बोधगीरचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच थोरल्या महाराजांच्या खोलीत नेलं.

म्हातारा कुशीवर निजला होता. भैरवगीरांनी हलकेच शाल सरकवली.

पाठीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. तिच्यावर मानेपासून कमरेपर्यंत ओरखडे. काही जुने, खपली धरलेले. काही आजचे, ओले.

हीच पाठ बोधगीर रोज चोळत होता... डोळे मिटून, तोंडानं स्तोत्र म्हणत.

"गाईला लाथ आहे," महाराज दातओठ खात म्हणाले. "यांना काय आहे रे?"

बोधगीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळपासूनचा सगळा संताप आता त्याच्या स्वतःवरच उलटला. त्यानं हात पाठीमागे लपवले.

"तेल लावीन, महाराज. रोज लावीन. पण ही सेवा... मला पुन्हा कधी मिळेल?"

भैरवगीरांनी शाल नीट पांघरली. वळूनही पाहिलं नाही.

"मला काय विचारतोस? गाईला विचार."