पान दोनशे पंधरा

"...आणि अर्धवट सोडलेलं एकही पुस्तक नाही?" मुजावर सरांनी विचारलं.

"एकही नाही." शाल्मलीची मान आपोआप ताठ झाली.

तालुक्याच्या त्या वाचनालयात मुजावर सरांनी ग्रंथपाल म्हणून एकतीस वर्षं काढली होती. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीवर पुढे कुणी बसायचं, ते ठरवणं संचालक मंडळाने त्यांच्यावरच सोपवलं होतं; नेमणुकीच्या पत्रात नाव तेवढं भरायचं होतं. त्यांची सहायक शाल्मली बिर्जे म्हणूनच आज आपली वही घेऊन आली होती. वर्षभरात वाचलेली एकशे सत्तावीस पुस्तकं. लेखकांच्या चरित्रांपासून थेट डार्क फँटसीपर्यंत.

"विचारा ना, सर. कुठलंही विचारा."

सरांनी डोळे मिटून वहीवर बोट ठेवलं. "हे?"

"माणसांची नावं गिळणारी चेटकीण. तिच्या राज्यात सूर्यच उगवत नाही. शेवटी ती स्वतःचंच नाव गिळून बसते. दोन बैठकींत संपवलं मी."

"भीती वाटली?"

"छे! पहिल्या प्रकरणातच शेवट ओळखला होता."

सर हसले. अगदी मनापासून. "एवढं वाचणारं माणूस या दारातून कधी आत आलं नव्हतं बघ," ते म्हणाले.

शाल्मलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"मग सर, पत्रात माझं नाव...?"

सरांनी टेबलाच्या खणातून एक जाडजूड चरित्र काढलं. कुणा लेखकाचं. मध्ये खुणेची पट्टी होती.

"हे वाचलंयस?"

"जूनमध्येच! चारशे ऐंशी पानं."

"मी तीन वर्षं वाचतोय. दोनशे पंधरावर आहे."

सरांचं आता वय झालं, असं शाल्मलीच्या मनात आलं. तिने हसू दाबलं.

सरांनी खुणेपाशी पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवलं. "वाच. मोठ्याने."

ती खणखणीत आवाजात वाचू लागली. लेखकाची म्हातारी आई. ऐकू येणं पार बंद झालेलं. लेखक रोज संध्याकाळी नवं लिहिलेलं तिला वाचून दाखवतो. तिला एक अक्षर कळत नाही. ती त्याच्या ओठांकडे बघत बसते, आणि तो थांबला की विचारते, 'पुढे?'

पान संपलं. शाल्मलीचं बोट सवयीने कोपऱ्याकडे गेलं.

...आणि तिथेच थबकलं.

पुढच्या पानावर काय आहे, ते तिला ठाऊक होतं. दोन ओळी. आई गेली. एसटी स्टँडवर शेंगा खाता खाता तिने त्या वाचल्या होत्या. एक दाणा खवट निघाला होता, तेवढं मात्र आठवत होतं.

सरांनी मंडळाचं पत्र पुढे ओढलं. मोकळ्या जागेत तिचं नाव लिहिलं. खाली सही केली.

शाल्मलीने ते पाहिलं. पण तिचं बोट काही हललं नाही.

"सर," ती हलक्या आवाजात म्हणाली, "उलटू का पान?"

मुजावर सरांनी पानावर अलगद तळवा ठेवला.

"घाई आहे का गं? म्हातारी अजून ऐकतेय..."