उभ्याने भरायचा चुडा

तुम्ही बांगड्या कशा भरता हो? बसूनच ना? कासारापुढे पाय मुडपून बसायचं, हात त्याच्या हातात द्यायचा आणि दुखलं तरी तोंड वाकडं करायचं नाही. सगळीकडे असंच भरतात. आमच्या सावळखेडीत मात्र कासार बसतो आणि बाई उभी राहते. मघाशी देवळापाशी तुम्ही पाहिलंत ते जागा नव्हती म्हणून नाही. घर मोकळं असलं तरी आमच्याकडे बांगड्या घरात भरत नाहीत. दाराबाहेर, उजेडात, ओढ्याकडे तोंड करून भरतात. मध्येच कोणी हाक मारली तर बाई तशीच निघून जाते. एका हातात चुडा, दुसरा हात मोकळा. तिला कोणी नावं ठेवत नाही. कासाराने थांबायचं.

नवा कासार आला की त्याला हे जड जातं. गेल्या संक्रांतीला एक तरणा पोरगा आला होता. चार बायकांचे हात भरले आणि वैतागला. म्हणाला, "मावशी, बसा की वाईच. वर बघून बघून माझी मान मोडली."

आमच्या कौसाबाई सत्तरीच्या आहेत. त्या म्हणाल्या, "मोडू दे. घरी गेल्यावर तुझी आई शेकंल. आम्ही काय बसायच्या नाय."

बायका खूप हसल्या. पण असं का, हे त्याने विचारलं तेव्हा कोणी हसलं नाही. त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा ओढ्यावर पूल नव्हता. गाव अलीकडे आणि शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काळी रानं पलीकडे. गावाच्या अगदी कडेला, ओढ्याच्या काठावर एकच घर होतं. तिथे हैबती नावाचा शेतकरी आणि त्याची बायको अनसा राहत. सासू-सासरे वारले होते. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच.

हैबती वाईट नव्हता, हे आधी सांगते. आमच्याकडे ही गोष्ट सांगताना हे आधीच सांगायची पद्धत आहे. तो मारत नव्हता, दारूच्या वाटेला जात नव्हता. फक्त बोलत नसे. शाळूच्या कणसात दूध भरू लागलं की पाखरांचे थवे उतरतात. मग पौषापासून कापणीपर्यंत तो रानातल्या मचाणावरच राहायचा. उजाडल्यापासून मावळेपर्यंत गोफण फिरवायची आणि ओरडायचं. पाखरांवर ओरडून ओरडून त्याचा घसा बसायचा. बायकोशी बोलायला आवाजच उरायचा नाही, असं म्हणतात.

अनसा रोज दुपारी भाकरी घेऊन ओढ्यापर्यंत जायची. तो पलीकडून यायचा. थंडीत ओढ्याला पाणी कसलं, दगडांवरून कोरड्या पायाने येता यायचं.

"कालच्या कालवणात मीठ बरं व्हतं का?" ती विचारायची.

"बरं व्हतं."

"थंडी लई पडलीया. रातीचं घरला या की."

"पाखरं पहाटंच येत्यात."

एवढंच. एकदा ती हसत म्हणाली होती, "पाखरांसंगं बोलता त्याच्या निम्मं तरी माझ्यासंगं बोला." तोही हसला, आणि घशाला हात लावून दाखवला. घसा खरंच बसला होता. तो काही खोटं करत नव्हता.

ती घरी परतायची. दळण, शेण, पाणी, सगळं उरकलं तरी दिवस उरायचा. सांगतात की तो दिवसभरात जेवढे शब्द बोलला तेवढे ज्वारीचे दाणे ती पदराच्या टोकाला बांधायची. एका दिवशी तीनच दाणे निघाले, म्हणे.

आता कासाराचं. संक्रांतीच्या आधी घाटाखालून नेमा नावाचा कासार वर यायचा. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, बोलायला गोड. बायकांना तो भावासारखा. त्याच्या हातात हात द्यायला कोणाला कधी काही वाटलं नाही. चुडा भरून झाला की बायका त्याच्या पाया पडत आणि तो 'अखंड सौभाग्यवती व्हा' म्हणत असे. गावात सगळीकडे फिरून तो शेवटी काठावरच्या या घरी यायचा.

त्या वर्षी तो आला तेव्हा दुपार टळली होती. आभाळ सकाळपासून कोंदटलेलं होतं आणि पौषात लागतं तसलं बोचरं वारं सुटलं होतं. अनसाने घोंगडी अंथरली आणि त्याच्यासमोर बसली. नेमाने तिचा डावा हात हातात घेतला.

"हात लई खरबडीत झालाय, वयनी. घरात कामाला कोण नाय का?"

"भिंती हायत की चार."

"त्या बोलत न्हाईत व्हय?"

"आमच्या घरात कोणीच बोलत न्हाई," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

नेमाने माळेतून एक वेगळा जुडगा काढला. "गेल्या साली तुम्ही निळ्या मागितल्या व्हत्या. नव्हत्या माझ्याजवळ. ह्या बगा, आणल्यात. हिरव्यांच्या मधी दोन-दोन भरतो."

अनसा त्या बांगड्यांकडे पाहत राहिली. तिने मागितल्या होत्या हे ती स्वतः विसरली होती. वर्षभर कोणीतरी ते लक्षात ठेवलं होतं. गोष्ट इथेच घडली, असं आमच्या बायका म्हणतात. पुढचं सगळं त्याच्यामागून आलं.

डावा हात भरून होतो न होतो तोच आभाळ फुटलं. आधी वीज, मग वारा, मग गारा. लिंबाएवढ्या गारा होत्या, म्हणे. छपरावर दगड पडावेत तसा आवाज. नेमाने उठून दार लोटलं आणि परत येऊन बसला. घरात अंधारून आलं. आता उजवा हात भरायचा राहिला होता.

तुम्हाला एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या काळी असं मानत की सवाष्णीचा एक हात भरला की दुसरा भरल्याशिवाय तिने जागेवरून उठू नये. एक हात मोकळा ठेवून ती उठली तर तिच्या धन्याच्या जिवाला धोका. म्हणून घर पेटलं तरी बायका उठायच्या नाहीत.

नेमा उजवा हात सावकाश भरू लागला. एक बांगडी घ्यायची, पाहायची, परत ठेवायची, दुसरी घ्यायची. मध्येच त्याचे हात थांबले. तो खाली पाहूनच म्हणाला, "वयनी, मी उद्या घाट उतरणार. पुन्यांदा हिकडं येईन का न्हाई, ठावं न्हाई. तुमी म्हणला तर एकटा उतरायचो न्हाई."

अनसाने हात काढून घेतला नाही.

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने हाक आली.

ती हाक कसली, हे अनसाला चांगलं ठाऊक होतं. पावसाळ्यात ओढा चढला की नवरा-बायकोची एक पद्धत ठरलेली होती. त्याने पलीकडून हाक द्यायची. तिने मोटेचा नाडा, म्हणजे तो जाड दोर, घेऊन काठावर यायचं, एक टोक बाभळीला बांधायचं आणि दुसऱ्या टोकाला दगड बांधून त्याच्याकडे फेकायचं. मग दोराला धरून तो अलीकडे यायचा. थंडीत अशी हाक कधी आली नव्हती. पण वर डोंगरावर गारांबरोबर धो धो पाऊस कोसळत होता आणि ओढा बघता बघता चढला होता.

"कोण वरडतंय?" नेमाने विचारलं.

"पाखरं हाकत असतील," अनसा म्हणाली.

"गारांत?"

गारांत कुठली आली पाखरं? तिला कळत होतं. पण सात वर्षांत तिच्याशी इतकं बोलणारं पहिलंच माणूस समोर बसलं होतं, आणि त्याने विचारलेल्या गोष्टीचं उत्तर तिच्या ओठांवर यायचं होतं.

दुसरी हाक आली. आवाज बसका, फाटलेला. आता तिने गुडघा उचलला. नेमा म्हणाला, "एक हात मोकळा ठिवून उठू नका, वयनी. धन्याला वंगाळ आसतं."

हे त्याने काळजीने म्हटलं की तिला अडवायला, ते कोणाला सांगता येणार नाही. ती मात्र परत बसली. नवऱ्याच्या जिवासाठीच बसले आहे, असं तिने मनाला सांगितलं. तिच्या आईनेही तिला हेच शिकवलं होतं. त्यामुळे तिला ते सांगता आलं.

मग तिसरी हाक आली.

"अनसे!"

त्या काळी नवरा बायकोला नावाने हाक मारत नसे. हैबतीने सात वर्षांत तिचं नाव कधीच घेतलं नव्हतं. ते आज घेतलं.

अनसा उठली. उजव्या हातात चढत असलेली पहिलीच बांगडी तडकली आणि मनगटाला लागली. दाराआडचा नाडा खांद्यावर टाकून ती गारांत धावली. तिच्यामागे नेमाही धावला. त्याचं एवढं तरी सांगायला हवं.

काठावर पोहोचली तेव्हा हैबती पाण्यात उतरलेला होता. मचाण मोडलं होतं. गारांनी त्याचं डोकं फुटलं होतं आणि रक्त डोळ्यांत उतरत होतं. पलीकडे आडोशाला झाडही नव्हतं, आणखी किती थांबणार? एका हाताने आपल्या पवळ्या बैलाचं शेपूट धरून तो कमरेएवढ्या पाण्यातून येत होता. पाणी तांबडं, वेगाचं, वर गारांचा थर तरंगत होता.

अनसाने बाभळीला गाठ मारली आणि दोर फेकला. तोकडा पडला. ओढून घेतला, पुन्हा फेकला. या वेळी तो त्याच्या हातात गेला. तिने आणि नेमाने मिळून ओढायला सुरुवात केली. हैबती चार पावलं अलीकडे आला. मग त्याने मान वर केली आणि काठाकडे पाहिलं.

त्याच वेळी बैल घसरला, आणि हैबतीच्या हातातून दोर गेला.

बोटं गारठून सुटला, की अनसामागे उभा असलेला माणूस पाहून त्याने सोडला, हे कोणालाच माहीत नाही. गावात दोन्ही सांगतात. त्याच्या डोळ्यांत रक्त होतं, त्याला काठावरचं काही दिसलंच नसेल, असं कौसाबाई म्हणतात. अनसाला मात्र जन्मभर ते कळलं नाही. ती पुन्हा पुन्हा दोर फेकत राहिली. हैबतीचं मुंडासं एकदा वळणापाशी दिसलं, मग तेही दिसेनासं झालं. नेमा म्हणाला, "वयनी, आता फेकून काय उपेग?" तरी ती फेकत राहिली. गारा थांबल्या तेव्हा गावातली माणसं आली आणि त्यांनी तिच्या हातातून दोर सोडवला.

हैबती पाव कोसावर करंजाच्या झाडाच्या मुळांत अडकलेला सापडला. त्याच संध्याकाळी त्याला अग्नी दिला. नंतर बायका अनसाच्या बांगड्या फोडायला बसल्या, तर डाव्या हातात चुडा आणि उजवा हात मोकळा. एकीने विचारलं, "गारांनी फुटल्या व्हय गं?"

हो म्हणाली असती तर कोणीही विश्वास ठेवला असता. गावातली माणसं यायच्या आधीच नेमा आपल्या माळा तिच्या घरातच टाकून निघून गेला होता आणि तो पुन्हा कधी या भागात दिसला नाही. साक्षीला कोणी नव्हतं. पण अनसाने सगळं सांगितलं. निळ्या बांगड्यांचं, पाखरांचं, तीन हाकांचं. मनात काय आलं होतं तेही सांगितलं. म्हणून तर ते आज आपल्याला माहीत आहे. ऐकून काही बायका उठून गेल्या. एक म्हातारी मात्र बसून राहिली आणि उरलेल्या बांगड्या तिने हळूच, मनगटाला काच न लागू देता उतरवल्या, असं सांगतात.

अनसा पुढे पुष्कळ वर्षं जगली. तिचे स्वतःचे हात मोकळेच होते. पण गावात कासार आला की ती तिथे जायची. तेव्हाच्या रीतीने तिने तिथे येणं बरं दिसत नसे. बायका कुरकुरायच्या. ती कोणाला काही बोलायची नाही. नव्या नवरीचा हात कासाराच्या हातात गेला की फक्त एवढं म्हणायची, "उभ्यानं भर, बाई. हाक आली तर जाता येतं." आधी एका नवरीने ऐकलं, मग तिच्या जावेने. अनसाच्या डोळ्यांदेखत सगळं गाव उभं राहू लागलं.

आजही आमच्या गावात कोणी बसत नाही. पूल झाला, शाळूवर राखण करणारं फारसं कोणी उरलं नाही, तरी बसत नाही. उभं राहिल्याने काय होतं, असं तुम्ही विचाराल. मला नीट सांगता येणार नाही. ती पहिल्या हाकेला गेली असती तर तो वाचला असता का, तेही सांगता येणार नाही. ओढा फारच चढला होता.

गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. ओढ्याला घोट्याएवढं पाणी उरलं होतं. पवळ्या बैल वाहत जाऊन पुन्हा पलीकडच्याच काठाला लागला होता आणि आडव्या पडलेल्या शाळूत चरत होता. अनसा पाण्यातून चालत पलीकडे गेली, त्याचं दावं धरलं आणि त्याला घरी घेऊन आली.