आ-फू सासुरवाडीला होड्यांच्या सणाला जातो

चीन देशात नदीकाठच्या एका गावात एक भोळा नावाडी होता. नाव आ-फू. त्याचं लग्न पलीकडच्या गावच्या मुखियाच्या मुलीशी, रुलानशी, ठरलं होतं. उन्हाळ्यात होड्यांच्या शर्यतींचा सण आला. रीतीप्रमाणे होणारा जावई भेट घेऊन निघाला. आईने दोऱ्याने पाय बांधलेलं एक बदक होडीत ठेवलं नि बजावलं, "मुखिया सांगतील ते ऐक. नाहीतर मुलगी हातची जाईल, बाबा!"

"बरं," आ-फू म्हणाला. रुलानवर त्याचा भारी जीव होता.

आ-फू मुखियांच्या घरी पोचला. मुखियांना उपदेशाची भलती हौस. त्यांनी पानात बांधून उकडलेल्या भाताचं पुडकं पुढे केलं. आ-फूने ते पानादोऱ्यासकट चावलं.

"अरे, आधी दोरा सोड, वरचं काढ!"

"बरं."

तेवढ्यात रुलानची छोटी भाची आली. रोगराई येऊ नये म्हणून सणाला मुलांच्या मनगटावर पाचरंगी दोरा बांधतात. आ-फूने तिचा दोरा सोडला नि तो तिच्या अंगातलं नवं रेशमी झबलं काढू लागला. पोरीने घर डोक्यावर घेतलं.

"बेअक्कल! सणाचा दोरा सोडायचा नसतो. पुढे तो नदीत टाकतात!"

"बरं."

आ-फू होडीवर गेला. बदकाच्या पायांना दोरा होताच. तो न सोडता त्याने बदक नदीत टाकलं. ते बिचारं पंख फडफडवत वाहून गेलं, नि मुखियांचं जेवणही.

मुखियांनी कपाळावर हात मारला. "नदीत भाताची पुडकी टाकतात रे! पूर्वी एक सज्जन मंत्री बुडाला. लोकांनी भात टाकला. मासे तो खात बसले, मंत्र्याला शिवले नाहीत. म्हणून दरवर्षी टाकतो. का म्हणून विचारायचं नाही, रीत म्हणजे रीत! आणखी एक चूक केलीस तर लग्न मोडलं!"

आ-फूला दरदरून घाम फुटला. त्याने ते शब्द घोकून घोकून पाठ केले नि भाताची पुडकी आपल्या होडीत भरून ठेवली.

शर्यत सुरू झाली. मुखिया होडीच्या टोकावर ढोल बडवत उभे. लोक बघतायत म्हटल्यावर आणखी ताठ झाले, नि धप्पकन पाण्यात! बरोबर आ-फूच्या होडीशेजारी.

"बुडालो! अरे, वल्हं दे!"

आ-फूने वल्हं बाजूला ठेवलं नि भाताचं पुडकं उचललं. दोरा न सोडता नेम धरला. टाळक्यात एक, नाकावर एक.

"गाढवा, हात दे!"

"हलू नका, सासरेबुवा, मासे आत्ता कुठे जमतायत," आ-फू म्हणाला. आज पहिल्यांदा सगळं बिनचूक जमलं म्हणून त्याचा ऊर भरून आला होता. "आणि काही काळजी करू नका. मी नि रुलान दरवर्षी याच दिवशी येऊन टाकत जाऊ!"