खांबांना पाडलेली भोकं

फार फार मागची गोष्ट. इतकी मागची, की त्या राज्याचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही.

तिथल्या राजाराणीचं एकुलतं बाळ पाळण्यात असतानाच गेलं. दुःख विसरायला राजा नवा राजवाडा बांधू लागला. राणीपाशी दुःख विसरायला असं काहीच नव्हतं.

बांधकामावर दगड वाहणाऱ्या बायका तान्ही मुलं सोबत आणत. त्यांचं रडणं राणीच्या दालनापर्यंत येई. "हा आवाज मला सोसत नाही," ती राजाला म्हणाली. राजानं हुकूम सोडला, मुलं तटाबाहेर ठेवायची. तटाबाहेर नुसता माळ होता. सावलीला एक झाड नव्हतं.

आवाज थांबला, पण राणीला चैन पडेना. एके दिवशी ती एकटीच डोंगरातली जुनी लेणी पाहायला गेली. लेणी केव्हाची ओस पडली होती. मूर्तींची नाकं झिजली होती. हे कोरताना किती पिढ्या खपल्या असतील, आणि त्यांतलं एकही माणूस आता नाही, या विचारानं तिला अधिकच एकटं वाटलं.

तिथे एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. राणीनं विचारलं, "आजी, खांबांना ही भोकं कसली?"

"झोळ्यांची, बाई. कामावरच्या बाया इथं लेकरं निजवायच्या. बोट घालून बघा."

भोकाची कड दोरीनं घासून गुळगुळीत झाली होती.

"आता खाली निजा अन् वर बघा."

राणी धुळीत आडवी झाली. छताच्या खोबणीत एक इवलासा पोपट कोरलेला होता. उभ्या माणसाला तो दिसलाच नसता.

"कुणा बापानं लेकरासाठी कोरला असंल," म्हातारी म्हणाली.

राणी बराच वेळ उठली नाही.

परतताना ती माळावरून आली. एक तान्हुलं उन्हानं तापलं होतं, त्याची आई दगड वाहत तटाच्या आत होती. राणीनं मुलावर पदर धरला आणि त्याला उचलून थेट राजापुढे गेली.

"नव्या दरबाराच्या खांबांना भोकं पाडा. मुलांच्या झोळ्या तिथं बांधू द्या."

राजा चिडला. "एवढ्या देखण्या खांबांना भोकं? आणि तो आवाज तुलाच सोसत नव्हता ना?"

"अजूनही सोसत नाही. तरी मुलं सावलीत असू द्या."

राजा तिच्या कडेवरच्या मुलाकडे पाहत राहिला. मग त्यानं पाथरवटाला बोलावलं.

झोळ्या बांधल्या, त्या पहिल्या दिवशी राणी दार लावून रडली. पुढे एक मूल रडायचं थांबेना आणि आई परांचीवर होती, तेव्हा राणीनंच जाऊन झोळीला झोका दिला.

वर्षभरात राजवाडा पुरा झाला. माणसं मुलं घेऊन दुसऱ्या गावी कामाला गेली. दरबार शांत झाला, आणि राणी पुन्हा एकटी पडली. पाहुणे यायचे, नक्षी वाखाणायचे. राणी त्यांना आधी ती भोकं दाखवायची, आणि त्या झोळ्यांत निजलेल्या मुलांची नावं सांगायची. तिला ती सगळी पाठ होती.

तात्पर्य : वास्तू कोणी बांधली एवढंच विचारू नये, ती बांधणाऱ्यांची मुलं कुठे निजली, हेही विचारावं.